युबित्सा आणि बिनचालकाच्या गाड्या

युबित्सा आयाविरे आणि मी खाणीच्या वसाहतीत कितीतरी वर्षं एकाच खोलीत राहिलो. एक आठवडा वर डोंगरात, एक आठवडा खाली कालामा शहरात आपापल्या घरी, असा आमचा सगळ्यांचाच संसार. मी टायर बदलणाऱ्या खात्यात होते आणि ती डंपरवर. आमच्याकडचे डंपर म्हणजे दुमजली घरंच. शिडी चढून वर जायचं, तेव्हा कुठे चालकाची खुर्ची. त्या खुर्चीत ही एवढीशी बाई बसायची आणि तांब्याच्या दगडाचा डोंगर पाठीवर घेऊन खाणीच्या तळापासून वरपर्यंत यायची.

ती चिऊ-चिऊ नावाच्या खेड्यातली. वडील गाजरं पिकवायचे. खाणीत ती आधी खोल्या झाडायला आली होती. पुढे कंपनीने बायकांना गाडी शिकवायचं ठरवलं, तेव्हा हिने नाव दिलं. शिकवायला होते रोलांदो पानिरे. सगळे त्यांना काका म्हणायचे, साहेब लोकसुद्धा. काका तिला म्हणाले होते, "गाडी हाताने नाही चालवायची पोरी, बुडाने चालवायची. रस्ता बुडाला आधी कळतो." हे ती सगळ्यांना सांगायची आणि सांगताना दर वेळी हसायची.

गाड्यांवरच्या रेडिओची तेव्हा मोठी गंमत होती. रस्त्यावर धूळ उडू नये म्हणून पाण्याची गाडी दिवसभर फिरते. पाणी कमी पडलं तर समोरचं दिसत नाही, जास्त झालं तर चाक घसरतं. त्यामुळे डंपरवाले आणि पाणीवाले यांची दिवसभर जुंपलेली असायची. "तिसऱ्या वळणावर न्हाणीघर उघडलंय का रे?" असं एकजण म्हणायचा. "तुझं तोंड धुवायला सोडलंय," असं पाणीवाला म्हणायचा, पण पुढच्या फेरीला तिथे पाणी बेताने सोडायचा. आम्हाला ती नुसती टवाळी वाटायची. साहेबांनाही तसंच वाटायचं. रेडिओवर कामापुरतं बोला, अशी सूचना भोजनगृहाच्या दारावर कायम लावलेली होती आणि तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं.

मग गोन्सालो विदेला आले. राजधानीतले इंजिनिअर. नवं तंत्रज्ञान खाणीत आणायचं खातं त्यांच्याकडे दिलेलं. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. ते यायच्या आधी एस्तेबान नावाचा आमचा एक चालक पहाटेच्या पाळीत गाडीवर झोपला आणि गाडीसकट कड्यावरून खाली गेला होता. विदेला तेव्हा कंपनीतच दुसऱ्या हुद्द्यावर होते. एस्तेबानच्या आईच्या दारात जाऊन ती बातमी सांगायचं काम त्यांच्या वाट्याला आलं होतं. बिनचालकाच्या गाड्या आणायच्याच, हे त्यांनी त्या दारात ठरवलं असावं.

एक दिवस दुपारी ते जेवणाचं ताट घेऊन सरळ आमच्या टेबलाशी आले. युबित्साला म्हणाले, "मला तुम्ही हव्या आहात. गाड्या आपोआप चालतील, पण त्यांच्यावर लक्ष ठेवणारी खोली कोणीतरी अनुभवी माणसाने सांभाळायला हवी. आणि चालकांचा तुमच्यावर विश्वास आहे."

युबित्साने कासुएलाच्या रश्श्यातला मका तसाच ठेवला. "आणि चालकांचं काय होणार, साहेब?"

"कोणालाही घरी पाठवणार नाही. शिकवू, दुसरी कामं देऊ. हा माझा शब्द."

"तुमचा शब्द इथे कोणाला माहीत आहे? तो मी देणार. माझ्या तोंडाने जाईल तो."

"मग तुमच्या तोंडाने जाऊ दे," ते म्हणाले. "मी मागे उभा आहे."

त्यांनी खरंच वरून होकार आणला होता, हे नंतर कळलं. तेव्हा वर बसलेल्या माणसाने तो दिला होता. युबित्साने मग पाळीपाळीला उभं राहून सगळ्यांना सांगितलं की गाड्या बदलतील, माणसं नाही बदलणार. वाल्दो म्हणून एक तोंडाळ चालक होता. तो म्हणाला, "युबी, तू म्हणतेस म्हणून ऐकतो. त्या टायवाल्या साहेबाने सांगितलं असतं तर बूट फेकला असता." सगळे हसले. तीही हसली. त्या दिवशी खोलीवर आल्यावर ती बराच वेळ केस विंचरत बसली होती.

पहिल्या गाड्या सुरू झाल्या त्या दिवशी पाद्री येऊन पवित्र पाणी शिंपडून गेला. त्याच्या आधी काकांनी आपल्या रीतीने धरणीमातेला दारूचे चार थेंब शिंपडून कोकाची पानं वाहिली होती. आणि गंमत म्हणजे गाड्या चांगल्या चालल्या. मी टायरखात्यातली, मला तर फायदाच दिसत होता. माणूस कधी दगडावर चढवतो, कधी करकचून ब्रेक मारतो. या गाड्यांचे टायर एकसारखे झिजायचे आणि जास्त टिकायचे. प्रत्येक गाडी आधीच्या गाडीच्या नेमक्या त्याच रेघेवरून जायची, इंचाचाही फरक नाही. त्यामुळे रस्त्यावर चाकांच्या दोन खोल चाकोऱ्या पडू लागल्या, ते आम्ही पाहत होतो, पण टायर टिकत होते म्हणून आम्ही खूश.

काकांची गाडी सगळ्यात आधी गेली. त्यांना पाण्याच्या गाडीवर दिलं. त्यांनी कुरकुर केली नाही. "म्हातारपणी माळी झालो," एवढंच म्हणाले.

गाड्यांवर लक्ष ठेवायची युबित्साची खोली थंडगार असायची, भिंतभर पडदे आणि त्यावर हळूहळू सरकणारे रंगीत ठिपके. पहिले काही महिने ती मला म्हणायची, "नोए, मला पाठीला काही लागतच नाही गं. खड्डा नाही, चढ नाही. मी कुठे आहे तेच कळत नाही." नंतर ती सरावली. चांगलीच सरावली. कुठली गाडी का अडली हे ती ठिपक्याच्या चालीवरून सांगायची.

चाचणीचे महिने होते ते. खाणीच्या एका बाजूला बिनचालकाच्या गाड्या, दुसऱ्या बाजूला माणसं. दोघांनी किती दगड वर आणला ते रोज फळ्यावर लागायचं. या गाड्यांचा एक दोष होता. धुळीचा लोट उठला की त्यांना समोर भिंत आहे असं वाटायचं आणि त्या जागीच थांबायच्या. मग खोलीतून कोणीतरी बघून त्यांना सोडायचं. प्रत्येक थांबण्याने फळ्यावरचा आकडा उतरायचा. म्हणून रस्तेखात्याला निरोप गेला की पाणी वाढवा.

दुसरीकडे, रस्ता ओला असला तर पडद्यावर तेवढ्या भागावर बोट फिरवून खूण करायची सोय होती. खूण केली की त्या भागात सगळ्या गाड्या निम्म्या वेगाने जायच्या. त्यानेही आकडा उतरायचा. युबित्साने विदेलांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "गरज वाटली तर करा. पण कमीत कमी."

त्या संध्याकाळी खाटेवर बूट काढता काढता तिने मला विचारलं, "म्हणजे कर म्हणाले की नको म्हणाले?"

"तू काय समजलीस?"

"तेच तर कळत नाही ना."

मधे एकदा एक रिकामी गाडी उतारावर थोडी घसरली आणि सावरली. युबित्साने सकाळच्या बैठकीत ते सांगितलं. उत्तर मिळालं की नोंद घेतली आहे, पण चाचणी संपेपर्यंत काही बदलायला नको, नाहीतर तुलनेला अर्थ राहणार नाही. त्या बैठकीत रस्तेखात्याचं कोणी नसायचं. त्यांची बैठक वेगळी, पलीकडच्या इमारतीत. तिथे एकच विषय असायचा, धूळ.

आणि रेडिओ शांत झाला होता. बिनचालकाच्या बाजूला काका एकटेच फिरायचे. त्यांच्या आजूबाजूने प्रचंड गाड्या जायच्या आणि एकही बोलायची नाही. एकदा भोजनगृहात ते म्हणाले, "आधी पाणीवाल्याला शिव्या द्यायचो, आता मला देणारं कोणी नाही. माझं पाणी बरोबर पडतंय की चूक, मला कोण सांगणार?" आम्ही म्हटलं, काका, मजा आहे तुमची. ते चहात पाव बुडवत राहिले.

अपघात झाला त्या सकाळी राजधानीतून वरिष्ठ मंडळी चाचणी बघायला आली होती. वारा लवकर सुटला. पूर्वेच्या उतारावर गाड्या धुळीत पुन्हा पुन्हा अडत होत्या. युबित्साने रेडिओ उचलला.

"काका, पूर्वेच्या उतारावर अजून एक फेरी मारता का?"

"आत्ताच तर मारली पोरी. वरून सुकं दिसत असेल, चाकोऱ्यांत पाणी साचलंय."

"धूळ थांबत नाहीये काका. पाहुणे आलेत इथे."

"बरं. तू म्हणतेस तर मारतो."

त्यांनी फेरी मारली. तिने पडद्यावर ओल्याची खूण करायला हात उचलला, तेवढ्यात पाहुणे खोलीत आले. विदेला त्यांना समजावून सांगत होते, की बघा, गाड्या किती सारख्या वेगाने जातात. तिने हात खाली घेतला. पाहुणे पुढे सरकले की करू, असं तिच्या मनात होतं.

वरून एक रिकामी गाडी उतरत होती. पुढे वळणावर काकांची गाडी. त्या रिकाम्या गाडीला काका दिसले होते. गाडीने वेळेवर ब्रेकही लावले. पण चाकं त्या चाकोऱ्यांतल्या चिखलात होती. ती एवढी मोठी वस्तू आडवी होऊन घसरत गेली आणि पाण्याच्या गाडीच्या केबिनवर जाऊन थांबली. युबित्साला पडद्यावर एवढंच दिसलं की दोन ठिपक्यांचा एक ठिपका झाला.

भोंगा वाजला तेव्हा मी टायरवर होते. खाणीत भोंगा वाजला की प्रत्येकजण आपल्या माणसाचं नाव मनात घेतो. मी तिचं घेतलं नाही, कारण ती खोलीत होती, सुरक्षित. नंतर कळलं की काका आहेत.

काका वाचले. आंतोफागास्ता शहरातल्या इस्पितळात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला आणि कमरेतही लोखंड बसवलं. त्यांची बायको एल्सिरा इस्पितळाच्या बाकावर बसून होती. युबित्सा तिच्याजवळ गेली तेव्हा ती उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

चौकशी लागली. बाहेरची माणसं बोलावली होती. सुरुवातीलाच खाणीत कुजबूज पसरली की पाणी प्रमाणाबाहेर टाकलं होतं, म्हणजे दोष पाणी टाकणाऱ्याचा. कुजबूज कोणी सोडली माहीत नाही, पण ती सगळ्यांना सोयीची होती. युबित्साच्या साक्षीच्या आदल्या दिवशी विदेला वसाहतीत आले. मी खोलीतून बाहेर जायला निघाले तर युबित्सा म्हणाली, तू थांब.

विदेला खुर्चीवर बसले. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. म्हणाले, "तुम्हाला खोटं बोला असं सांगायला मी आलेलो नाही. विचारतील तेवढंच सांगा, एवढंच म्हणतोय. हा प्रकल्प बंद पडला तर गाड्यांवर पुन्हा माणसं बसतील आणि पुन्हा कोणाचातरी एस्तेबान होईल."

"एस्तेबान झोपला होता साहेब," ती म्हणाली. "काका जागे होते."

ते म्हणाले, "मला माहीत आहे." आणि उठून गेले.

साक्षीत काय झालं ते तिने मला त्याच दिवशी सांगितलं. चौकशीला आलेल्या बाईंनी विचारलं, की इतकं पाणी टाकायचा निर्णय चालकाचा होता का? तिने सांगितलं, नाही, मी मागितलं. त्यांनी नको म्हटलं होतं, तरी मी मागितलं. मग बाईंनी विचारलं, रस्ता ओला असल्याची खूण का केली नाही? ती म्हणाली, "मला कोणी करू नका असं म्हटलं नव्हतं आणि कराच असंही म्हटलं नव्हतं. आणि फळ्यावरचा आकडा मलाही वाढायला हवा होता. तो पडला तर माझ्या शब्दावर विसंबलेली माणसं पडतील असं वाटायचं."

मग तिने न विचारलेलंही सांगितलं. म्हणाली, पूर्वी दिवसभर चालक पाणीवाल्याला शिव्या द्यायचे, त्यातून त्याला कळायचं पाणी कुठे जास्त झालं ते. आम्ही चालक काढले तेव्हा गाडी चालवण्याचं काम यंत्राला दिलं. हे दुसरं काम कोणालाच दिलं नाही, कारण ते काम आहे हे ना साहेबांना माहीत होतं, ना मला. मीही त्या रेडिओवर इतकी वर्षं बोलले, पण मलाही कधी सुचलं नाही.

बाईंनी तिला पाणी दिलं, असं ती म्हणाली. आपण रडत होतो हे तिने सांगितलं नाही, पण डोळे सुजलेले होते.

काकांवर दोष आला नाही. विदेलांना राजधानीत परत बोलावलं. जाताना ते काकांना भेटून गेले. युबित्साला खोलीतून काढलं आणि रस्ते तपासायच्या कामावर टाकलं. एक छोटी गाडी दिली, दिवसभर फिरून चाकोऱ्या, ओल, दगड बघायचे आणि खोलीला कळवायचं. शिक्षा म्हणून दिलेलं काम, पण ते आधीपासूनच असायला हवं होतं. काही आठवड्यांनी गाड्या पुन्हा सुरू झाल्या. आता ओल्याची खूण सक्तीची होती आणि पाणीवाले, खोलीवाले, रस्तेवाले एकाच टेबलाशी बसत होते. त्यानंतर तसा अपघात झाला नाही, हे खरं आहे आणि ते सांगायला हवं.

पण शब्दाचं काय झालं, तेही सांगायला हवं. पुढच्या वर्षी वरचा माणूस बदलला. नवा म्हणाला, असा काही शब्द मी दिलेला नाही. थोड्या चालकांना खोलीत घेतलं, थोड्यांना दुरुस्तीत, आणि बाकीच्यांना निरोप. युबित्साने दारं ठोठावली. युनियनच्या लोकांबरोबर बैठकीत बसली, तर युनियनचेच म्हणाले, तू कोणाच्या बाजूने आलीस ते आधी सांग.

शेवटच्या दिवशी निघणारे चालक बसची वाट बघत उभे होते. ती तिथे गेली. मी म्हटलं जाऊ नकोस, तरी गेली. वाल्दो पिशवी खांद्याला लावून उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "काय गं युबी, तुझ्या शब्दाला चाकं किती होती? सगळीच पंक्चर निघाली."

मी काहीतरी बोलणार होते. तिने माझा दंड दाबला. "खरं आहे वाल्दो," ती म्हणाली. बस येईपर्यंत ती त्यांच्याबरोबर त्या वाऱ्यात उभी राहिली. कोणी तिच्याशी बोललं नाही. एका म्हाताऱ्या चालकाने मात्र बसमध्ये चढताना तिच्या डोक्यावर हात ठेवला.

काकांकडे ती सुटीच्या आठवड्यात जायची. आधी एल्सिराबाई दार उघडायच्या नाहीत. ती घरच्या गाजरांची पिशवी उंबऱ्यावर ठेवून परत यायची. मग एकदा पिशवी आत घेतली गेली. मग एकदा काकांना पायाच्या डॉक्टरकडे न्यायला गाडी मिळेना, तेव्हा एल्सिराबाईंनीच फोन केला. माफ केलं असं नाही. "तू येतेस ते त्यांना बरं वाटतं," एवढं त्या म्हणाल्या, तेही भांडी घासता घासता, पाठ करून.

मागच्या रविवारी मीही बरोबर गेले होते. संध्याकाळचा चहा, पाव, वर चिरलेला अवोकाडो. काका खिडकीजवळ बसले होते, नकली पाय बाजूला काढून ठेवलेला. त्यांनी विचारलं, "वर काय चाललंय?"

युबित्सा म्हणाली, "पाण्याची गाडीही बिनचालकाची करणार आहेत काका. चाचणी सुरू व्हायची आहे."

काकांनी कप खाली ठेवला. "बरंय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "म्हणजे मी बसलो होतो तिथे कोणी बसणार नाही."

"नाही."

"ते चांगलंच आहे," ते म्हणाले. "आणि लुचोचं काय? तो आहे ना आता पाण्यावर?"

युबित्सा पाव कुरतडत राहिली. एल्सिराबाईंनी काही न विचारता तिच्या कपात चहा ओतला.

परतताना गाडीत ती मला म्हणाली, "त्या चाचणीच्या बैठकीला मला बोलावलंय. रस्ता मला कळतो म्हणे. जाऊ का?"

"जा की."

"गेले तर पुन्हा माझ्याच तोंडाने लोकांना सांगायला लावतील."

"मग सांगू नकोस. तू विचार."

ती गेली. तिथे बसलेल्यांना तिने पहिला प्रश्न विचारला, की लुचो कुठे आहे, गाडी त्याची आहे, मग तो या खोलीत का नाही? कोणीतरी म्हणालं, तो पाळीवर आहे. ती म्हणाली, मग तो येईपर्यंत थांबू. तिला वाटलं होतं बाहेर काढतील. काढलं नाही. नाराजीने का होईना, थांबले. लुचो धुळीने माखलेला आला आणि कुठे बसावं हे न कळून दाराशी उभा राहिला. तिने शेजारची खुर्ची ओढून दिली.

त्याची नोकरी राहील का, ते अजून कोणी सांगितलेलं नाही. त्याने तिला विचारलं होतं. तिने त्याला सांगितलं, "मला माहीत नाही, लुचो. माहीत झालं की त्याच दिवशी तुला सांगेन. यापेक्षा जास्त मी बोलणार नाही."